मुलांची सोडवणूक आणि मंडळीची वर्गणी

(पाठ : नहेम्या, अध्याय 5, वचनें 1 ते 13)

वळसंग व आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांच्या वडिलांनीं यंदा आम्हांस एक प्रश्न घातला आहे. सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशीं जें धान्य व जो पैसा जमेल तो कामास जुंपलेल्या मुलांच्या सोडवणुकीसाठीं द्यावा काय, आणि द्यावा तर कोणाच्या हातीं द्यावा? प्रश्नाचा पूर्वार्ध सोपा आहे. असा निधि अवश्य काढावा. उत्तरार्धाविषयीं मात्र आम्ही स्वतः एकदां मोठी चूक केली आहे, आणि ती झांकून ठेवून हा पाठ शिकविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. म्हणून वाचकांनीं आपापलें शास्त्र उघडून प्रथम नहेम्याचा पांचवा अध्याय सावकाश वाचावा, आणि मग या लेखाकडे वळावें.

यरुशलेमेच्या भिंतीचें काम चाललें असतां लोकांत मोठा आक्रोश झाला. तो शत्रूविरुद्ध नव्हता, आपल्याच भाऊबंदांविरुद्ध होता, हें आधीं ध्यानांत घ्यावें. कोणीं दुष्काळांत धान्यासाठीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकलीं होतीं; कोणीं राजाचा कर भरण्यासाठीं कर्ज काढलें होतें. शेवटीं सर्वांची तक्रार एकाच ठिकाणीं येऊन ठेपली, कीं मुलगे व मुली दास्यांत जात आहेत, कांहीं मुली गेल्याही आहेत, आणि शेतेंच दुसऱ्यांचीं झाल्यामुळें त्यांस परत आणण्याचें बळ आईबापांच्या हातीं उरलेलें नाहीं. क्रम पाहा : आधीं धान्य, मग शेत, मग मूल.

आमच्या भागांत हा क्रम फारसा बदललेला नाहीं. शेत कोरडवाहू, ज्वारीवर भिस्त, आणि ज्वारीची भिस्त पावसावर. घरांत आजारपण निघालें, मुलीचें लग्न ठरलें, बोअर कोरडें गेलें, कीं मुकादमाकडून उचल घ्यावी लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू होते, आणि नवराबायको मिळून एक कोयता या हिशेबानें माणसें टोळीबरोबर जातात, मुलेंही जातात. कागदावर मुलाचें नांव नसतें. तरी मोळ्या बांधणें, वाढें गोळा करणें, धाकटें भावंड सांभाळणें हें काम त्याच्याच वांट्यास येतें, आणि शाळेच्या हजेरीपटावर शिमग्यापर्यंत त्याच्या नांवापुढें गैरहजेरी लागते. सोलापूर शहरांत बिडीवर जगणाऱ्या घरांतून पानें कातरणें व बिड्यांचीं तोंडें मुडपणें हें मुलींच्या हातांस फार लवकर शिकविलें जात असे; अशा मुलांसाठीं सरकारच्या राष्ट्रीय बाल कामगार प्रकल्पाचीं विशेष केंद्रें शहरांत पुष्कळ वर्षें चाललीं. 2021 मध्यें तो प्रकल्प समग्र शिक्षा योजनेंत मिळविण्यांत आला.

परंतु सर्वांत वाईट प्रकार तो, कीं ज्यांत मूल आईबापांपासून तोडून एकटें दुसऱ्याच्या दारीं ठेविलें जातें. 2022 च्या सप्टेंबरांत नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यांतील एका दहा वर्षांच्या कातकरी मुलीच्या मृत्यूनें ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्रास कळली. तिला मेंढ्या राखण्याच्या कामास ठेविलें होतें. चौकशी होतांच त्याच वस्तीवरचीं व आसपासचीं आणखी मुलें अशाच कामास दिलेलीं आढळलीं, आणि श्रमजीवी संघटनेनें त्यांच्या सुटकेचें काम हातीं घेतलें. आईबापांस मिळालेलें मोल काय, तर थोडेसे पैसे आणि एखादी मेंढी. ही नवी रीत आहे असें मात्र कोणी समजूं नये. 1929 साली नेमलेल्या व्हिटले मजूर कमिशनाच्या अहवालांत, आगाऊ रक्कम घेऊन मुलांचें श्रम गहाण टाकण्याची चाल नमूद आहे, आणि त्यावरून 1933 मध्यें असे करार रद्दबातल ठरविणारा कायदाही झाला. त्यास नव्वद वर्षें होऊन गेलीं.

आतां आमची चूक सांगतों. आठ वर्षांपूर्वीं वळसंगापासून जवळच्या एका मंडळींतील कुटुंबानें आपला अकरा वर्षांचा मुलगा एका मेंढ्यांच्या मालकाकडे वर्षाच्या बोलीवर ठेविला होता. वडील मुलीच्या आजारपणाचें बारा हजार रुपये कर्ज घेवून बसले होते. आम्हांस कळलें तेव्हां आमचें रक्त तापलें. पुढच्या दोन रविवारीं आम्ही मंडळीपुढें उभे राहून अशा कांहीं शब्दांत आवाहन केलें कीं बायकांचे डोळे पाण्यानें भरले. दानपेटींत नऊ हजार सहाशें चाळीस रुपये जमले. उरलेले दोघां वडिलांनीं व आम्ही घातले. ती रक्कम घेऊन आम्ही मालकाकडे गेलों. त्यानें नोटा मोजून खिशांत घातल्या, पावती दिली नाहीं, आणि मुलास आमच्या स्वाधीन केलें. येतांना मुलगा मोटारसायकलीवर आमच्या पाठीस घट्ट धरून बसला होता. त्या दिवसाचा आनंद आम्ही विसरलों नाहीं, आणि म्हणूनच पुढची गोष्ट अधिक टोचते. पावसाळा सरतांच वडिलांनीं उचल घेतली आणि तो मुलगा टोळीबरोबर कर्नाटकांत उसाच्या फडावर गेला. इकडे मालकाच्या मेंढ्यांमागें त्याच वस्तीवरचें दुसरें मूल दिसूं लागलें. तें पहिल्याहून लहान होतें. आमच्याच पैशांतून त्यानें तें आणलें असें आम्हांस सिद्ध करतां येणार नाहीं. पण एका मुलामागें रोख बारा हजार मिळतात हें त्यास आम्हीच शिकविलें, हें आम्हांस नाकारतांही येत नाहीं.

या अनुभवानंतर नहेम्याचा अध्याय पुन्हा वाचला तेव्हां पूर्वीं न दिसलेली एक गोष्ट दिसली. आठव्या वचनांत नहेम्या सांगतो कीं परराष्ट्रीयांस विकले गेलेले बांधव आपण यथाशक्ति मोल देऊन सोडविले. तेथें त्यानें पैसा दिला, कारण परक्या मुलखांत त्याचा अधिकार चालत नव्हता. मात्र अकराव्या वचनांत, आपल्याच नगरांतील सरदार व अधिकारी यांच्याशीं बोलतांना, तो एक कवडीही देऊं करीत नाहीं. शेतें परत करा, मळे परत करा, घेतलेलें व्याज परत करा, असें तो भर सभेंत बजावतो, आणि याजकांस बोलावून शपथ घेववितो. जेथें न्याय मागतां येतो तेथें तो मोल देत नाहीं. या दोन वचनांमधील अंतर आम्हीं आमच्या विद्यालयांत शिकतांना कधीं मोजलें नव्हतें. बारा हजार रुपये देऊन तें शिकलों. दहाव्या वचनांत आणखी एक खोंच आहे. नहेम्या स्वतः व त्याचे सेवकही लोकांस पैसा व धान्य उसनें देत होते, हें तो लपवीत नाहीं. मंडळींतील ज्या कोणाच्या वहींत मजुरांस दिलेल्या उचलीचे आंकडे असतील, त्यानें हें वचन दोनदां वाचावें.

आमच्या देशांतही न्याय मागतां येतो. 1950 पासून अमलांत असलेल्या राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदानें वेठ व सक्तीची मजुरी निषिद्ध आहे. वेठबिगार पद्धति (निर्मूलन) अधिनियम 1976 साली झाला, आणि त्यानें असें ठरविलें कीं ज्या कर्जापोटीं माणूस वेठीस धरला गेला तें कर्जच नाहींसें झालें. तें फेडण्याची जबाबदारी उरत नाहीं. एवढेंच नव्हे, तर असें नष्ट झालेलें कर्ज धनकोनें वसूल करून घेणें हाच गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. आम्ही ज्या दिवशीं त्या मालकास नोटा मोजून दिल्या, त्या दिवशीं आम्ही एका गुन्ह्याचे भागीदार झालों होतों, तेंही दानपेटींतील पैशानें! शिवाय कर्ज वेठबिगारीचें नव्हे असें धनकोचें म्हणणें असेल, तर तें सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे, गरिबावर नाहीं. 2016 साली सुधारलेल्या बालकामगार कायद्यान्वयें चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवणें मना आहे. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यांत मदत करणें व मुलांनीं नाटकसिनेमांत काम करणें एवढाच काय तो अपवाद आहे.

येथें कोणी वाचक दुसऱ्या राजांच्या चवथ्या अध्यायाकडे बोट दाखवील. सावकार विधवेच्या दोन मुलांस दास करण्यास आला असतां अलीशानें तिला तेल विकून कर्ज फेडण्यास सांगितलें नाहीं काय? सांगितलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें तें कर्ज खरें होतें व सावकाराचा हक्क चालत होता. आमच्या देशांत तो हक्क कायद्यानें नष्ट झाला आहे. दुसरें असें, कीं त्या कथेचा उत्तरार्ध आपण नेहमीं घाईनें वाचतों. फेडून जें उरेल त्यावर तूं व तुझीं मुलें जगा, असें त्या विधवेस सांगितलेलें आहे. कर्ज फिटलें पण घरांत पीठ नाहीं अशा स्थितींत अलीशा तिला सोडून गेला नाहीं.

मोल देऊन सोडविण्याच्या मोहांत आम्हीच एकटे पडलों असेंही नाहीं. 1998 मध्यें अमेरिकेच्या कोलोरॅडो प्रांतांतील ऑरोरा नगरांत पांचव्या इयत्तेच्या मुलांनीं सुदानांतील गुलामांविषयीं वर्गांत ऐकलें आणि त्यांच्या सोडवणुकीसाठीं पैसे जमविण्यास आरंभ केला. एका माणसाचें मोल सुमारें पन्नास डॉलर सांगितलें जात असे. मुलांचें अंतःकरण निर्मळ होतें, आणि त्यांच्यामुळें जगाचें लक्ष सुदानकडे वळलें, हें श्रेय त्यांचें आहे. परंतु 1999 मध्यें युनिसेफनें अशा खरेदीस उघड विरोध केला, कारण गिऱ्हाईक मिळालें कीं माल आणणारा निर्माण होतो. 2002 मध्यें तर कांहीं ठिकाणीं मुळीं गुलाम नसलेल्या माणसांनाच गुलाम म्हणून उभें केल्याच्या हकीकती वृत्तपत्रांत आल्या. दूरच्या सुदानांत खरें काय तें पाहण्यास त्या मुलांस साधन नव्हतें. आम्हांस तर वस्ती दहा कोसांवर होती.

मग वर्गणी कशासाठीं? मालकास देण्यासाठीं नव्हे, एवढें ठरलें म्हणजे पैशाची गरज संपली असें होत नाहीं. उलट ती वाढते.

मूल आढळलें कीं 1098 या क्रमांकावर कळवावें. तो अहोरात्र चालतो व त्यास पैसे पडत नाहींत. त्याबरोबरच तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांजकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. चौकशी होऊन वेठबिगारी सिद्ध झाल्यास मुक्ततेचा दाखला मिळतो, आणि हा दाखला हेंच सर्व गोष्टींचें मूळ आहे. त्याच्या आधारें, केंद्र सरकारच्या 2016 च्या व पुढें 2021 मध्यें सुधारलेल्या पुनर्वसन योजनेप्रमाणें, तात्काळ साह्य म्हणून तीस हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळूं शकते, आणि मुलांसाठीं एकंदर दोन लक्ष, अत्यंत छळाच्या प्रकरणीं तीन लक्ष रुपये ठेविले आहेत. आंकडे ऐकून कोणी म्हणेल, मग मंडळीचे चार पैसे कशास हवेत? अडचण अशी, कीं मोठी रक्कम आरोपीस शिक्षा होण्याशीं बांधलेली आहे, आणि खटला वर्षानुवर्षें चालतो. मुलाची भूक मात्र त्याच संध्याकाळची असते. अर्ज देण्यास बापानें सोलापुरास यावें तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तीन खेपा झाल्या कीं तो चवथ्या खेपेस येत नाहीं, आणि मालकाचा माणूस घरीं येऊन गोड बोलून जातो. सरकारचें साह्य येईपर्यंतचे हे जे महिने, तेच धोक्याचे. मंडळीच्या पैशाचें काम या मधल्या काळांत आहे : जीपचें भाडें, बुडालेली मजुरी, मुलाचे कपडे व औषध, वसतिगृहाची फी, आणि दिवाळीपूर्वीं घरांत दोन पोतीं ज्वारी, कीं ज्यायोगें बापास नव्या उचलीसाठीं मुकादमाच्या दारीं जावें लागूं नये. शेवटची बाब दिसण्यांत क्षुल्लक, पण आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. मूल परत आणण्यापेक्षां तें जाऊं न देणें पुष्कळ स्वस्त पडतें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण येथें आठवतें. 1896-97 च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व तरुण विधवा यांना त्यांनीं आश्रय दिला. लोक या प्रवासाची गोष्ट सांगतात. आम्हांस त्यामागची तजवीज अधिक शिकविते. त्यांच्या कार्यासाठीं 1887 मध्यें अमेरिकेंत बोस्टन येथें जी संस्था स्थापन झाली, तिनें एकदांच मोठी देणगी देऊन हात झाडले नाहींत. दहा वर्षें साह्य करण्याचें वचन दिलें, आणि गांवोगांवच्या लहान मंडळांनीं वर्षाच्या वर्षाला आपला हिस्सा पाठविला. त्याच्या बळावर 1889 मध्यें मुंबईस शारदासदन निघालें. पुढें केडगांवास जमीन घेतली, विहिरी खणल्या, शेती केली. मुलींना आणण्यास कांहीं आठवडे लागले असतील. त्यांना वाढविण्यास रमाबाईंचें उरलेलें सर्व आयुष्य लागलें. म्हणून आम्ही वडिलांस सुचविलें आहे कीं एका रविवारच्या भावनेवर हा निधि उभा करूं नये. प्रत्येक घरानें निदान तीन वर्षांचें वचन द्यावें, मग तें महिना दहा रुपयांचें कां असेना.

गरीब मंडळ्यांना हें झेपेल काय, असें विचारणारांस वळसंगांतच उत्तर आहे. ज्यांना अस्पृश्य म्हणून सार्वजनिक पाण्यास शिवूं दिलें जात नसे, त्यांनीं येथें स्वतः घाम गाळून विहीर खणली, आणि 1937 मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथें येऊन त्या विहिरीचें पाणी प्याले. सोलापूरहून वळसंगास येतांना वाटेंत कुंभारी लागते. तेथें बिडी वळणाऱ्या बायकांसाठीं दहा हजार घरें उभीं राहिलीं आणि 2006 मध्यें त्यांचें उद्घाटन झालें. घराच्या खर्चाचा एक हिस्सा केंद्र सरकारनें, एक राज्य सरकारनें, आणि एक त्या बायकांनीं स्वतः दिला. हजार बिड्या वळून जी मजुरी मिळते तींतून वीस हजार रुपये! हें ज्यांनीं केलें त्यांच्यापुढें आमच्यासारख्या पगारी पाळकांनीं गरिबीचें नांव काढूं नये.

मिझोराममधील मंडळ्यांची एक रीत आम्हांस फार आवडते. तेथील स्त्रिया स्वयंपाकास तांदूळ घेतांना एक मूठ बाजूस काढून ठेवतात. ही चाल 1910 च्या सुमारास सुरू झाली व आजही चालू आहे, आणि त्या मुठीमुठींतून तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीस दरसाल कोट्यवधि रुपये मिळतात. आमच्याकडे तांदळाच्या जागीं ज्वारीचें पीठ. परातींत पीठ घेतांना एक मूठ गाडग्यांत गेली तर भाकरी लहान होत नाहीं. आणि महिनाअखेर तें पीठ विकण्याचीही गरज नाहीं, कारण ज्या घरास तें पोंचवावयाचें तेथें पिठाचीच वाण असते. पीठ फार दिवस टिकत नाहीं म्हणून धान्यच काढावें, असें एका बहिणीनें आम्हांस सुधारून सांगितलें. तेंच बरोबर आहे.

हिशेबाविषयीं दोन शब्द. दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायांत पौल यरुशलेमेकडील वर्गणी एकट्यानें घेऊन जात नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेले माणूस तो बरोबर घेतो, अशासाठीं कीं इतक्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेंत कोणास दोष काढण्यास जागा राहूं नये. प्रेषितास जी काळजी घ्यावीशी वाटली ती पाळकास नको काय? पेटीच्या दोन किल्ल्या असाव्यात, त्यांपैकीं एकही पाळकाकडे नसावी. दर तीन महिन्यांनीं जमाखर्च उपासनेनंतर मोठ्यानें वाचावा. मात्र वाचतांना मुलाचें वा कुटुंबाचें नांव घेऊं नये, आणि मुलास वेदीपुढें उभें करून त्याची कहाणी सांगावयास लावूं नये. आमच्या त्या पहिल्या मुलास आम्ही तसें उभें केलें होतें. तो खालीं पाहत होता, आणि आम्ही त्यास मान वर करावयास सांगितलें. आज तो एकोणीस वर्षांचा आहे, ट्रॅक्टरवर आहे. शाळेंत पुन्हा गेला नाहीं. आम्हांस वाटेंत भेटला तर नमस्कार करतो, पण थांबत नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका मुलाचें प्रकरण आलें. त्या वेळीं आम्ही मालकास भेटलों नाहीं, अर्ज केला. सात खेपा झाल्या. दाखला मिळाला, तात्काळ साह्य पांचव्या महिन्यांत आलें, आणि तोंवर मंडळीनें गाडीभाडें, मजुरी व धान्य मिळून अकरा हजार दोनशें रुपये खर्च केले. त्यांतला एक रुपयाही मालकाकडे गेला नाहीं. खटला अजून चालू आहे, पुढची तारीख पडली आहे. मुलगा सातवींत आहे. गणितांत कच्चा आहे, वसतिगृहांतील जेवणाविषयीं तक्रार करतो, आणि सुटींत घरीं येतो तेव्हां धाकट्या बहिणीस अक्षरें गिरवावयास लावतो. त्याच्या वसतिगृहाची फी जूनमध्यें भरावयाची आहे. वडिलांनीं ठरविल्याप्रमाणें यंदाच्या सुगीच्या धान्यांतून पहिली रक्कम तिकडे जाईल, आणि उरलेलें धान्य दिवाळीपूर्वीं ज्या तीन घरांस द्यावयाचें तीं घरें पंचांनीं पाहून ठेविलीं आहेत.